पान एकशे बाराची चिठ्ठी

धाकट्या, तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोचा रक्तदाब? पोरीची सर्दी गेली का? दुकानातली मांजर ठणठणीत आहे. माझं हृदय थकलंय, डोकं नाही. तसं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलंय. तेव्हा मी, तुझी थोरली बहीण, वय एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, कोणाच्याही धाकाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. ही नक्कल तुला.

एक. दुकान, वरची खोली, दाबयंत्र, सुया आणि बँकेत असेल ते सगळं भाचीला, म्हणजे तुझ्या पोरीला. विकलं तरी हरकत नाही. घेणाऱ्याला सांगावं की दाबयंत्राचा दांडा डावीकडे ओढतो.

दोन. पोकरच्या स्पर्धांतले तीन चषक समोरच्या कुलूपवाल्याला. बायका नुसते पत्ते पिसतात, असं तो म्हणाला होता. त्यानं ते दर्शनी मांडावेत.

तीन. पोकर शिकवणारी माझी एकवीस पुस्तकं वाचनालयाला. समासात मी पेन्सिलीनं भांडले आहे, ते कोणी खोडू नये. एक लेखक म्हणतो, समोरच्यानं नाक चोळलं की तो थाप मारतोय. त्यावर भरवसा ठेवून मी पहिल्याच स्पर्धेतून बाहेर पडले. त्या गृहस्थाला पडसं होतं.

चार. तुझं पोकरचं पुस्तक. पान एकशे बारावर तू लिहिलंस की डावावर लावायच्या चिप्स थोड्या उरल्या तर चांगल्या पत्त्यांची वाट पाहावी. अरे, दर फेरीला सक्तीच्या चिप्स टाकाव्याच लागतात आणि त्या वाढत जातात. वाट पाहणारा बसल्या जागी झिजतो. मग राजा-राणी हातात आले तरी त्याला भितं कोण? धाक आहे तोवरच सगळं पुढे सारायचं. छपाईआधी मी हे सांगितलं, तर तू म्हणालास, "ताई, तू पुस्तकं शिव. लिहायचं मी बघतो."

शिवली. पाचशेच्या पाचशे प्रतींत, त्याच पानासमोर, माझी दुरुस्तीची चिठ्ठी घालून शिवली. नऊ वर्षं तू बोलला नाहीस. विचारायला हवं होतं, हे कबूल. आणखी एकच खेळाडू बाद झाला की उरलेल्यांना बक्षीस मिळणार असेल आणि चिप्सच्या बाबतीत आपल्याहून भुकेकंगाल कोणी टेबलावर असेल, तर जरा थांबावं, हे चिठ्ठीत राहिलं, हेही कबूल. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. नवी आवृत्ती निघतेय म्हणे. ते पान तसंच छापलंस तर भाची प्रती शिवणार नाही. तिला विचारून लिहितेय.

पाच. बाबांची कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी, जिच्यावरून आपण लहानपणी एकमेकांना ओरबाडलं, ती तुला. अट एकच: मी जिवंत असताना स्वतः येऊन न्यायची. नाहीतर ती माझ्याबरोबर जाईल.

डॉक्टरीणबाई म्हणतात, पडून राहा, वाट बघा. माझ्याकडे थोडं उरलंय, आणि पान एकशे बारा मी मानत नाही. लवकर लिही.

सही: तुझी ताई
स्थळ: दुकान, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: सात तारीख, मंगळवार, सकाळ

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. गल्लीचा पोस्टमन (सही). नक्कल हाच घेऊन येतोय. उत्तर मिळेपर्यंत तुझ्या दारातून हलणार नाही, असं त्यानं मला वचन दिलंय.