ताईला द्यायचा तुकडा

४ मार्च

नापास! ताईला माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचा आहे. रक्तगट जुळला, आकार जुळला, आणि शेवटी रक्तातला एक आकडा आडवा आला. एसजीपीटी, लिव्हरचं एन्झाइम — हवं त्याच्या दुपटीहून जास्त!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? म्हटलं, कोलेस्टेरॉलची, रोज एक. त्यांनी मान हलवली. “त्या गोळीनं हा आकडा कधीकधी चढतो. बहुतेकदा त्यात काळजीचं नसतं. पण तुम्ही देणारे आहात. तुमच्या बाबतीत ‘बहुतेकदा’ मला चालणार नाही.”

ताईचे डोळे पिवळेजर्द झालेत. तिचं लिव्हर संपत आलंय आणि दुसरं कोणाचं जुळत नाही. एवढीशी गोळी आणि हा घात!

५ मार्च

बायकोला म्हटलं, फेकून दे ते पाकीट. “डॉक्टरांनी सांगितलंय? नाही ना? मग गुपचूप घे.” घेतली.

७ मार्च

आज बाईंनी नीट समजावलं. कोलेस्टेरॉल बनतं मुख्यतः लिव्हरमध्येच. गोळी तिथंच जाऊन त्याला आवरतं घ्यायला लावते. आणि अर्ध्याहून जास्त लिव्हर काढून घेतलं तरी उरलेलं काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्ण होतं! मी म्हटलं, पालीच्या शेपटीसारखं? हसल्या. मला मात्र हसू येईना. अंगावर काटाच आला. आम्ही सामान हलवणारी माणसं. साधं कपाट उचलायचं तरी आधी चारी बाजूंनी निरखतो. आणि हे जन्मापासून पोटात घेऊन हिंडतोय, त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही.

निघताना कुरकुरलो — तपासणीच्या आदल्या दिवशी एवढा घाम गाळला, तरी असा रिपोर्ट? बाईंनी पेन खाली ठेवलं. “काय केलंत तुम्ही?”

सांगितलं. लिफ्ट बंद होती. पियानो चौथ्या मजल्यावर चढवला. जड बाजू मुद्दाम मीच घेतली — म्हटलं चरबी वितळेल, लिव्हर लख्ख होईल!

“अहो, हे एन्झाइम थोडंफार स्नायूंतही असतं! स्नायू पिळवटले की ते रक्तात उतरतं. त्यात ही गोळी चालू असली तर आणखीच.” लगेच स्नायूंची तपासणी. गोळी चालू ठेवायची. आणि परत तपासेपर्यंत काही उचलायचं नाही — भाजीची पिशवीसुद्धा नाही.

८ मार्च

स्नायूंचा आकडा आभाळाला टेकलाय. म्हणजे चोर मीच! बायको एवढंच म्हणाली, “अतिशहाणे.”

११ मार्च

ताईकडे गेलो. बसायला खुर्ची ओढणार, तर ओरडली, “धाकट्या, हात लावू नकोस!” स्वतःला धड उभं राहवत नाही, आणि धापा टाकत खुर्ची माझ्यापर्यंत तिनं आणली. मी बसलो. खूप रडू आलं.

१७ मार्च

पास!! आकडा जागेवर. गोळी रोज घेऊनसुद्धा! चढला होता तो सगळा पियानो होता.

२ एप्रिल

उद्या ऑपरेशन. भीती वाटते. बायकोला सांगितलं नाही. तिला कळलंय.

९ मे

आज स्कॅनमध्ये दाखवलं — माझं उरलेलं लिव्हर भरत आलंय! पडद्यावरची ती राखाडी सावली किती वेळ बघत बसलो. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही, आपापलं वाढतंय. ताईच्या पोटातला तुकडाही वाढतोय. तिचे डोळे पांढरे झालेत. मला बघितल्यावर आधी तेच उघडून दाखवले वेडीनं!

२१ जून

ताईचं कोलेस्टेरॉल जन्मात कधी वाढलं नव्हतं. आज वाढलेलं आलं. बाई म्हणाल्या, नव्या औषधांनीही वाढतं, पण थोडं भावाच्या लिव्हरचंही असणार — ते आपल्या सवयीनंच काम करतंय. तीच गोळी लिहून दिली.

मघाशी तिचा फोन. “धाकट्या, घेतलीस का आपली गोळी?”