सम तारखांची गाडी

२ एप्रिल
परत हीटर! बाहेर अंगाची लाही होतेय आणि थोरले गाडी सोडून जातात ती हीटर फुल्ल ठेवून. आठवड्यात ही तिसरी वेळ. गाडी सुरू केली की थोड्याच वेळात भट्टी! विसरतात म्हणावं, तर दर वेळी कसा विसरतो माणूस? मुद्दाम! साडू पडले म्हणून गप्प बसतोय.

सासरे गेले ते एक गाडी आणि दोन जावई मागे ठेवून. विषम तारखा थोरल्यांच्या, सम माझ्या. सासूबाईंच्या पायाची जखम भरत नाही, ड्रेसिंगला रोज न्यावं लागतं. मागे थोरल्यांनी परस्पर ब्रेक बदलून आणले, तेव्हाच मी अट घातली – मला विचारल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही आणि मला गाडीतलं शिकवायचं नाही. बावीस वर्षं ट्रक चालवला म्हणून काय इंजिनिअर झाले? तेव्हापासून बोलणं बंद. बरंच झालं.

४ एप्रिल
स्टिअरिंगवर चिठ्ठी. 'हीटर बंद करू नये.' करू नये! हुकूम सोडतात! फाडली. काचा लावल्या, एसी लावला.

८ एप्रिल
रेल्वे फाटकात वीस मिनिटं अडकलो. तापमानाचा काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ! सासूबाई मागे, बँडेजचा पाय सीटवर लांब करून रुमालाने वारा घेत होत्या. वर म्हणतात, "थोरल्यांच्या वेळी नाही हो होत असं." डोक्यात तिडीकच गेली. ड्रेसिंग चुकलं ते चुकलंच.

संध्याकाळी थोरल्यांच्या घरी जाऊन त्यांच्याकडची दुसरी किल्ली मागितली. गाडीची वाट तुम्हीच लावलीत, म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं, "अहो, तो हीटर –" "मला शिकवायचं नाही!" किल्ली टेबलावर ठेवली आणि आत निघून गेले. आता गाडी माझी.

९ एप्रिल
ही म्हणते, "त्यांचं ऐकून तरी घ्यायचं होतंत." माझं अडलंय खेटर!

१० एप्रिल
स्वतः तपासलं. इंजिन चालू, काटा चढतोय, रेडिएटरमागचा पंखा ढिम्म. एसी लावला तरी ढिम्म. फ्यूज शाबूत. पंख्याला वीज सोडणारा रिले काढून हॉर्नचा बसवून पाहिला – काही नाही. शेवटी बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला जोडल्या. मेलेला! मोटरच गेली. पंखा मारला आणि तोंड वर करून चिठ्ठ्या लिहितात! आता पुराव्यानिशी धरतो.

१२ एप्रिल
मेकॅनिकने जुना पंखा काढला. चार बोल्ट, एक सॉकेट, बस्स. पातं हाताने फिरवलं तर करकरलं आणि अडकलं. नवा बसवला, इंजिन तापू दिलं. आपोआप सुरू झाला.

मी थोरल्यांचं पुराण लावलं. तो हात पुसत ऐकत होता.

"हीटर चालू ठेवायचे?"

"फुल्ल! या उन्हात!"

"मग इंजिन त्यांनीच वाचवलं तुमचं. पंखा बंद पडला की हीटर लावायचा. इंजिनची गरमी तो आत ओढतो. माणूस भाजतो, इंजिन वाचतं. गाडी पळत असली की वारा लागतो, उभी राहिली की मेली. जुने ड्रायव्हर दिसतात. पण मग पंखाच का नाही बदलला त्यांनी?"

मी बॉनेट आपटलं.

१३ एप्रिल
मग चिठ्ठीत नीट लिहायचं ना! चार शब्द जास्त लिहिले असते तर शाई संपणार होती?

शिकवायचं नाही, असं मीच म्हटलं होतं. माहीत आहे मला.

१४ एप्रिल
किल्ली हिच्या हाती परत पाठवली. पंख्याचं सांगितलंस का, विचारलं. ही म्हणाली, "ते तुमचं तुम्ही सांगा." नाही सांगणार. लाज वाटते.

१६ एप्रिल
गाडी सुरू केली. थोड्याच वेळात भट्टी. काल थोरल्यांची पाळी होती – हीटर फुल्ल. मागच्या सीटवर ओला टॉवेल, खाली वितळलेल्या बर्फाची पिशवी. सासूबाईंसाठी.

तसाच त्यांच्या दारात गेलो.

"पंखा नवा बसवलाय. हीटर बंद ठेवलात तरी चालेल."

निघायला वळलो, परत फिरलो.

"आणि बॉनेट... उघडत जा."