गोरी शाळेत जाते

बोरीचा तांडा, गोरेगावजवळ
मार्च १९४६

तीर्थरूप धर्मसिंगमामांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि मामीचा खोकला थांबला असेल, असं धरून चालते. इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे थावराकाका, काकी, त्यांची चार लेकरं आणि गोरी म्हैस. (मीपण.) वारंगा फाट्यावरचे दुकानदार कय्युमचाचा तुम्हाला हे पत्र वाचून दाखवतील, त्यांनाही माझा सलाम सांगावा. चाचा, कंसातला मजकूर जरा हळू वाचा, तो फक्त मामांसाठी आहे.

आधी मी कोण ते सांगते. तीन वर्षांमागे तुम्ही आमच्या दारी आलात, तेव्हा एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली होती. तुम्ही काकांना विचारलंत, "हे कुणाचं लेकरू हाय?" काका म्हणाले, "हाय अशीच घरातली." मग तुम्ही पाणी प्यालात, दोन भाकरी खाल्ल्यात आणि निघालात. मामा, ती तुमच्या बहिणीची पोरगी होती, रुख्मिणी. तुमचा दोष नाही. (थोडा आहे.) आई गेल्यापासून या घरात मला कुणी नावानं हाक मारलीच नव्हती. म्हशीला गोरी म्हणतात, कोंबड्याला राजा म्हणतात आणि मला "ए पोरी". मला त्याचं वाईट वाटायचं. पुढं वाटेनासं झालं, आणि आता कळतं की तेच जास्त वाईट होतं.

त्याच साली गोरेगावात खुर्शीदबी बाईंनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मुलींची शाळा काढली. मी काकांजवळ विषय काढला. काका हसले. "जा की. पर म्हैस नजरेआड झाली न्हाई पायजे." त्यांना वाटलं, मिटलं. मी त्यांचा शब्द जसाच्या तसा धरला आणि दुसऱ्या दिवशी गोरीला घेऊन शाळेत गेले. खिडकीबाहेरच्या लिंबाला तिला बांधलं आणि आत खिडकीपाशी बसले. बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेटा, तुमच्यातलं शिकणार कोण?" मी म्हटलं, "मी. ती नुसती दिसली पायजे." बाईंनी एकच पाटी दिली. तेव्हापासून गोरीनं खिडकीवरचं गवताचं छप्पर खाल्लं, एक केरसुणी खाल्ली, आणि भिंतीवरचा नकाशा औरंगाबादेपासून परभणीपर्यंत खाल्ला. (हिंगोली वाचली.)

मग गेल्या पावसाळ्यात तपासणीचे साहेब आले. खिडकीकडे पाठ करून बसले. डोक्यावर लाल रुमी टोपी, तिला काळा गोंडा. मला पुढचं दिसून राहिलं होतं, पण साहेबांना मध्येच थांबवायचं कसं? गोरीनं मान आत घातली आणि टोपी उचलली. साहेब ओरडले, "ये भैंस किसकी है?" पूर्वी कुणी मला नाव विचारलं तर मी धान्याच्या कणगीमागं लपत असे. इथं कणगी नव्हती. मी उभी राहिले. "माझी हाय. तिचं नाव गोरी. माझं रुख्मिणी खेमा राठोड." स्वतःचं पूर्ण नाव मी मोठ्यानं घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि नवल म्हणजे छप्पर काही कोसळलं नाही. (ते गोरीनं आधीच खाल्लं होतं.) साहेबांनी रागारागानं धडा वाचायला लावला, मग भागाकार घातला, मग नद्या विचारल्या. सगळं आलं. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला: "मुली तेवीस, हुशार. म्हैस एक, आवरावी. राठोड हिला चौथीच्या परीक्षेस बसवावे." टोपीचा गोंडा अजून सापडलेला नाही.

गेल्या महिन्यात चावडीवर कागद लागला. तो पाहून कुणीतरी उठवलं की तांड्यातली गुरं जप्त होणार. दोन दिवस सगळा तांडा गुरं घेऊन नाल्यात दडून होता, काकासुद्धा. शेवटी काकांनी तो कागद आणून, माझ्याकडे न बघता, माझ्यापुढं ठेवला. मी वाचला. गुरांच्या रोगावर सुई टोचायला डॉक्टर येणार होते, तेही फुकट. सगळी मंडळी चिखलानं भरलेली परत आली. त्या दिवशी काका म्हणाले, "रुख्मिणी, पानी दे गं." खोटं नाही सांगत मामा, मी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

चौथी पास झाले की बाई मला लहान मुलींच्या वर्गावर घेणार आहेत, पगारावर. मग माझं पोट माझ्यावर, आणि पाण्याचा तांब्या मी माझ्या मर्जीनं पुढं करीन. बाईंनी या पत्राचं शुद्धलेखन तपासलं आहे. मजकूर माझा आहे.

आपली भाची,
रुख्मिणी खेमा राठोड

ता. क. चाचा, हे मात्र मोठ्यानं वाचा, दुकानात असतील तेवढ्या सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. परीक्षा हिंगोलीला आहे, पुढच्या महिन्याच्या पंधरा आणि सोळा तारखेला. काकांची अट अजून तीच आहे. फक्त एवढं म्हणाले, "धर्मसिंग येऊन म्हैस बघत असंल, तर जा." तेव्हा मामांनी सहा दिवस इथं येऊन राहावं. दुसऱ्या कुणाला गोरी दूध देत नाही. आई धार काढताना जे गाणं म्हणायची, ते कानावर पडलं तरच पान्हा सोडते. ते तुमच्या घरचं गाणं आता तुम्हाला आणि मलाच येतं.

आणखी ता. क. जमणार नसेल तर गुडघ्याचं कारण लिहून धाडायची तकलीफ घेऊ नका. परीक्षा मी देणारच. हिंगोली इथून दहा कोस. बाई गाडीत बसतील, मी आणि गोरी पायी चालू. परीक्षेच्या खोलीसमोर चिंचेचं झाड आहे, हे बाईंनी पत्र घालून विचारून घेतलंय. झाडापासून माझ्या जागेपर्यंत पुरेल एवढं लांब दावं मी वळून ठेवलं आहे. ते डाव्या हातात धरीन. लिहायला उजवा मोकळा आहे.