वाचायचं नाही, रेघ धरायची

आबा,

सांगलीतल्या त्या लेसरच्या मशीनला मी, तुमच्या लेकीनं, कसं नमवलं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि आता तर ते मशीनसुद्धा कधीच भंगारात गेलंय. पण फुशारकी शिळी होत नाही. जिथं मारायची तिथं मारता आली नाही की ती घशात अडकून बसते, म्हणून आज सगळं बैजवार लिहिते.

रहिमतपूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरून तुम्ही बसायचात. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. तुम्ही ती चिठ्ठी गुडघ्याखाली दाबायचात, कळशी मांडीवर आडवी घ्यायचात आणि छिन्नी ठुकठुक चालायला लागायची. तालुक्यातल्या निम्म्या घरांत भांड्यांवर तुम्ही घातलेली नावं आहेत, आणि तुम्हाला अक्षरओळख नव्हती. हे दुकानदाराला, आईला आणि मला, तिघांनाच ठाऊक. तुम्ही नाव वाचत नव्हतात, त्याची रेघ धरून जात होतात. मी पहिलीत गेले तेव्हा तुम्ही मला स्टीलचा डबा आणलात. पाटीवर मी माझं नाव काढलं होतं, वेडंवाकडं, एक अक्षर ओळीतून खाली घसरलेलं. तुम्ही ते जसंच्या तसं झाकणावर घातलंत, घसरलेल्या अक्षरासकट. पुढं चौथीत मुली हसायला लागल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन डबा आपटला आणि म्हणाले, तुम्हाला वाचता येत असतं तर नीट घातलं असतंत. आई भाकरी तव्यावर टाकून माझ्यावर धावली. तुम्ही तिला अडवलंत आणि एवढंच म्हणालात, "तू जसं काढलंस तसंच घातलं. माज्या पदरचं काय घातलं न्हाई." मला तेव्हा ते उत्तरच वाटलं नाही. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता सांगलीत चला. मी साताऱ्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सांगलीच्या एका दुकानात तीन महिन्यांच्या बोलीवर लागले. ढाली, पाट्या, बक्षिसाचे कप, असलं दुकान. मालकांनी हौसेनं लेसरचं मशीन आणलेलं. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, ती मशीनच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची आणि बटण दाबायचं. मग लेसरचा किरण लाकूड जाळत जाळत अक्षर कोरतो. शिकवणारा इंजिनिअर तीन दिवस राहिला आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून पसार झाला. दोन महिन्यांत मी विकल्या त्याहून जास्त लाकडी की-चेन जाळल्या होत्या. मालकांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, की आता येतोय तो फळा नीट निघाला तर तू आणि मशीन दोघंही राहाल, नाहीतर दोघांची पाठवणी करतो.

तो फळा वडूजकडच्या एका गावाचा. गावातल्या सागाच्या झाडाचा, एकसंध, दुसरा मिळणार नाही असा. घेऊन आले ते एक निवृत्त सुभेदार. लढाईवर गेले आणि परत आले नाहीत अशा गावच्या जवानांची एकतीस नावं त्यावर घालून शाळेच्या हॉलमध्ये लावायची होती. कार्यक्रम रविवारी, आणि सुभेदार शनिवारी सकाळी आमच्या दारात. चारच्या एसटीनं फळा न्यायचाच म्हणून ते फळा मांडीवर आडवा घेऊन खुर्चीत बसून राहिले. नावं साताऱ्यात टाइप करून घेतलेली, एका फ्लॉपीवर आणि एका छापील कागदावर.

मी फ्लॉपी घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसते इंग्रजी किडे. कंस, टक्क्याची चिन्हं, उलटेसुलटे स्वल्पविराम. साताऱ्यातला मराठी टाइप, म्हणजे फॉन्ट, आमच्या कॉम्प्युटरवर नव्हता. तिकडं फोन लावला तर घंटा वाजतेय आणि उचलत कुणी नाही. आमच्याकडच्या टाइपात नावं नव्यानं टाकली, तर कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदानं नांदणारी जोडाक्षरं मशीनच्या प्रोग्रॅममध्ये शिरताना फुटायची, आणि एकाची वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसायची. सुभेदार मागं येऊन उभे राहिले. पडद्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ह्यातल्या दोघांना म्या सोता खांदा दिलाय. एकाचा जरी काना हालला, तर त्याच्या आईपुढं कसा हुबा ऱ्हाऊ?" नोकरीची भीती होतीच, पण आता ती मागं पडली.

मी त्यांच्या हातातल्या छापील कागदाकडं बघत होते, आणि मला तुमचा गुडघा दिसला. गुडघ्याखाली दाबलेली चिठ्ठी. आबा, मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे मशीन नावं वाचायला बघतंय, म्हणून अडतंय. ह्या शहाण्याला अडाणी केलं पाहिजे. मी तो कागद स्कॅनरवर ठेवला, त्याचं चित्र काढलं, प्रत्येक अक्षराच्या कडेनं रेघ ओढून घेतली आणि मशीनला ते अक्षर म्हणून दिलंच नाही, नुसती नक्षी म्हणून दिलं. पहिल्यांदा सगळी नावं पोस्टाच्या तिकिटाएवढी होऊन आली. पट्टी लावून माप घेतलं, वाढवलं, पुन्हा आत घेतलं. एकतीसच्या एकतीस नावं जागच्या जागी उभी. मी एकेक रेघ कागदाशी ताडून पाहिली. माझ्या पदरचं काही घातलं नव्हतं.

पण मशीन कसलं ऐकतंय. सागाच्या तुकड्यावर करून बघितलं तर पहिली ओळ पुसट. मी प्रोग्रॅममध्ये पॉवर वाढवली, तर दुसरी ओळ करपून काळी, अक्षरांची पोटं काजळीनं भरलेली. पॉवर कमी केली की पुन्हा पुसट. मालक म्हणाले, सॉफ्टवेअर बिघडलंय, मुंबईहून माणूस बोलवावा लागेल. तेवढ्यात मला मनगटावरची चापट आठवली. बारा वर्षांची असेन. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी छिन्नी उचलली आणि एकाच घावात कुणाच्या तरी तांब्याला भोक पाडलं. चापट मारून तुम्ही म्हणाला होतात, "जोर नगं. हलक्या हातानं दोन फेरं मार. आन हात का हालतुया, ते आदी बघ." मी पडद्यावरची नजर काढली आणि दुकानात बघितलं. ट्यूबलाइट मिचमिचत होती. शेजारी पिठाची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की आमचा उजेड बसायचा आणि किरण पुसट व्हायचा, बंद झाली की किरण चवताळायचा. प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता. गिरणीवाला डबे साचलेत म्हणून कुरकुरत होता, पण सुभेदार त्याच्या दारात जाऊन नुसते ताठ उभे राहिले. दोन तास गिरणी बंद.

मी पॉवर निम्म्याहून खाली आणली आणि दोन फेरे दिले. काय फळा निघाला, आबा. मधाच्या रंगाचं अक्षर, कड कशी सुरीनं कापल्यासारखी, एकही पोट भरलेलं नाही. मालक तीनदा चष्मा पुसून बघत होते. सुभेदारांनी पायातल्या चपला काढल्या, प्रत्येक नावाखाली बोट ठेवून ते मोठ्यानं वाचलं आणि प्रत्येक नावानंतर ते स्वतःच पुटपुटले, हजर. एकतीस वेळा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "समदी आली बग, पोरी." मी राहिले, मशीनही राहिलं, आणि पुढं सहा वर्षांनी मी माझं स्वतःचं दुकान टाकलं. आज माझ्या हाताखाली चौघं आहेत, आणि कुठल्या फाइलीनं कुणाला छळलं तर ती माझ्याच टेबलावर येते.

हे पत्र पोस्टात पडणार नाही हे मलाही कळतं. पण एक गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. फळा झाल्यावर मालक सुभेदारांना चहाला घेऊन गेले. गिरणी अजून बंद होती. नोकरीसाठी दुकानात आणून ठेवलेल्या माझ्या दाखल्यांच्या फाइलीत सातवीचं प्रगतिपुस्तक होतं, पालकांच्या सहीच्या चौकटीत तुमचा अंगठा. शाळेत ते पान मी अंगठा हातानं झाकून बाईंपुढं धरायची. मी तो अंगठा स्कॅन केला. तो पहिल्याच झटक्यात आत आला. फळा पालथा घातला आणि पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, आहे त्याच मापाचा कोरला. शाळेच्या भिंतीला फळा स्क्रूनं घट्ट बसवलाय, त्यामुळं तो कुणाला दिसलेला नाही. गावाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. काम तुमचं होतं, म्हणून सही तुमची घातली.