अक्काच्या कॅसेटवरचं कुंकू

नाशिक, मार्गशीर्षातला गुरुवार, १९८७

लिही वंदे, आज तुझ्या आजीचं डोकं फिरलंय. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, विंचूरहून मुंबईला जाऊन टीव्हीवर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. माझ्या लेकाने, श्रीधरने, त्या ओव्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतल्या. आता अक्का गेली. तिचा साधा फोटो नाही, बघायची तर त्या कॅसेटवरच. मला अक्षर येत नाही, म्हणून कॅसेटला कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं.

आज लावली, तर अक्काच्या जागी क्रिकेट!

श्रीधर म्हणतो, "आई, वर काही लिहिलेलंच नव्हतं, मला कोरी वाटली." आणि कुंकू? देवाला लावलेलं दिसतं, कॅसेटला लावलेलं दिसत नाही? की त्याला आधीच सांगायला हवं होतं मी?

तेवढ्यात तू हळूच म्हणालीस, "आजी, ते मी दिवाळीला पुसलं. डाग वाटला."

डाग! एवढी शाळा शिकलीस, आजीचं एक अक्षर वाचता आलं नाही? रडू नकोस, वही भिजेल. अक्काचं नाव लिही, मोठं. आणि ती पेन्सिल ठेव खाली. शाईचं पेन घे.