एक ते दहा जानेवारी

रवि. ११ जाने.
क्लिनिकचा सर्व्हर गेला. दोन्ही डिस्क एकदम. सकाळपासून रिसेप्शनवर गर्दी, ग्रेस बिचारी हाताने टोकन लिहीत होती. मॅनेजर येऊन म्हणाला, "बॅकअप आहे ना? यल्ला, चला, लावा."
आयटीत आम्ही दोघंच, मी आणि बिजू. नव्या मशीनवर रिस्टोअरची कमांड दिली. एक्स-रे, स्कॅन, सगळ्या फाइली आल्या. डेटाबेसलाही टूल म्हणतं, यशस्वी. उघडून बघितलं तर शून्य बाइट. कालचा बॅकअप रिकामा. परवाचा रिकामा. बिजू एकेक तारीख टाकत मागे गेला. मी शेजारी उभी. ३१ डिसें.चा भरलेला निघाला.
त्यानंतरचं काही नाही. दहा दिवसांतले पेशंट आमच्याकडे आलेच नाहीत, असं झालंय.

सोम. १२
कारण सापडलं. डेटाबेसची प्रत आधी ज्या डिस्कवर उतरते ती भरली होती. टूल रोज रात्री रिकामी फाइल इमानेइतबारे जपून ठेवत होतं. इशाऱ्याच्या मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर जात होत्या.
दुपारी मॅनेजरने बिजूला कामावरून काढलं, त्याचा ऍक्सेस बंद. त्याने नोव्हेंबरातच नवी डिस्क मागितली होती. "मेल है मेरे पास," एवढंच म्हणाला. टेबल आवरून गेला. त्याच्या बायकोचा इथला, कतारचा व्हिसा त्याच्याच नोकरीवर आहे.
घरी नवऱ्याला, प्रसादला सांगितलं. तो म्हणाला, "तुझं नाव कुठे येत नाही ना?" मला राग आला. पण मीही दिवसभर तेच तपासत होते.

मंगळ. १३
लॅबच्या डॉ. रेहाना खाली आल्या. त्या कधी येत नाहीत. त्या दहा दिवसांतल्या बायप्सीच्या स्लाइड त्यांच्याकडे आहेत, पण स्लाइडवर नुसता नंबर. नंबर कुणाचा, ते डेटाबेसात. एक तुकडा तोंडातला आहे.
"कॅन्सर है. इसका नाम चाहिए मुझे."
तोच बॅकअप पुन्हा काढून बघितला. दुसरीकडे उतरवला. शून्य.

बुध. १४
डेंटिस्टला विचारलं. "इंडियन था, ड्रायवर. नाम? मैं रोज़ तीस मुँह देखता हूँ." पैसे रोख भरलेले, म्हणजे कार्डाचाही माग नाही.
ग्रेसला मात्र आठवलं. फोनवर बोलत बसला होता, म्हणे, तू नवऱ्याशी बोलतेस त्या भाषेत. पाण्याच्या टँकरचा युनिफॉर्म.
मॅनेजरला सांगितलं. "रिपोर्ट न्यायला येईल तेव्हा सांगू. इन्शाल्ला." आणि बाहेर वाच्यता नको.

शुक्र. १६
सुट्टी. प्रसादला घेऊन अल मन्सूरा भागात गेले. आपली टँकरवाली मुलं जिथे जेवतात त्या मेसमध्ये. लेकीला, इराला गाडीत थांबायचं नव्हतं, "Why are we even here?" करत आत आली. आजाराचं काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. मेसवाले काका साताऱ्याचे. क्लिनिकातून आलेय, टँकरवाला आहे, नाव हरवलंय, एवढंच म्हणाले. काकांनी स्वतःच विचारलं, "तोंड आलेला का? विष्णू असणार. महिनाभर तिखट बंद होतं त्याचं, मी वरण वेगळं काढून ठेवायचो. तो गेला की गावी, बीडला. सुट्टीवर."
इथला नंबर बंद. त्याच्या रूममधल्याने गावचा दिला.
येताना प्रसाद म्हणाला, "मॅनेजर नको म्हणालाय ना?" पण गाडी त्यानेच चालवली, म्हणजे तो काही विरुद्ध नव्हता.

शनि. १७
डॉ. रेहानांना नंबर दिला. "पहले आप पूछिए, वही है क्या." त्यांच्या खोलीतून लावला. त्याच्या मुलीने उचलला, "पप्पा, दोहावरनं." मग तो. डिसेंबर संपल्यावर तपासणी केली होती का? गालातून तुकडा काढला होता का? हो, हो म्हणाला. आवाज खूश.
"रिपोर्टचं इचारनारच व्हतो ताई. तुमी कळीवलं न्हाई, म्हंजी चांगलाच आसंल म्हनून आलो निघून."
मी फोन डॉक्टरांकडे दिला. त्यांनी हळू, नीट, हिंदीत सांगितलं. उशीर करू नका म्हणाल्या. मग त्यांनी फोन परत माझ्याकडे दिला.
"ताई, त्या काय म्हनल्या ते मराठीत सांगा."
सांगितलं. शब्द तोच, पण मराठीत सांगताना जड गेला.
त्याने विचारलं, इथं बीडला व्हईल का, का तिकडं परत यावं लागंल? कंपनी ठिवील का? मला माहीत नाही म्हणाले. विचारून उद्या फोन करते म्हणाले.
कुणाला विचारू?