बंद नळ्यांतलं पाणी

५ जानेवारी, डिंभे
पोचले एकदाची! एसटीचा पत्ता नाही, म्हणून कांद्याच्या पिकअपमधून आले. सुभाषशेठांचा नवा बंगला धरणाच्या काठावर, झकास जागा. बाहेरचा हीट पंप हवेतली ऊब ओढून पाण्याला देतो आणि ते पाणी फरशीखालच्या नळ्यांतून घरभर फिरतं. उन्हाळ्यात उलट, घरातली ऊब ओढून बाहेर टाकायची. आठवडाभर इथेच राहून यंत्र चालू करून द्यायचं. माझं पहिलं स्वतंत्र काम. आरती तीन दिवसांत पळून येईल, असं ऑफिसात म्हणत होते. म्हणा लेको!

६ जानेवारी
राखणदार हौशीराम सुतकात आहे, तरी मी घाई लावली म्हणून आला. धरणाच्या घाटावरून टाकी भरून आणली, नळ्या भरल्या. हे पाणी आता वर्षानुवर्षं आतच फिरणार, असं मी सहज म्हणाले आणि त्याचा चेहरा उतरला. आज पहाटे त्याने आईची, ठमाबाईंची राख त्याच घाटावर पाण्यात सोडली होती. टाकी भरताना डोक्यातच आलं नाही म्हणाला. राख वाहती राहायला हवी, पाणी सोडून द्या, अशी गयावया केली. मी टाकीची गाळणी दाखवली, राख आत गेलीच नसेल म्हटलं, आणि पाणी सोडायला नकार दिला.

७ जानेवारी
फरशी मस्त तापली. दुपारी पंप बंद केला. चारपर्यंत सगळं गार, पण खिडकीजवळची एक जागा छत्तीस अंश. मांडी घालून बसलेल्या बाईएवढी. नळी तिथे वर आली असेल.

८ जानेवारी
ती जागा सरकलीय. आता माझ्या गादीला लागून. हौशीराम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आईला थंडी लई बाधायची वो, ताई. जाऊ द्या तिला." कीव आली, पण राग जास्त आला. यंत्र माझ्या ताब्यात आहे. उद्या उलटं चालवते. बघू कोण टिकतं!

९ जानेवारी
गारवा सुरू केला. ती जागा विझली. जिंकले! बोटं मात्र निळी पडलीत. चहाचा कप हातात धरला तर चहाच गार झाला.

१० जानेवारी, सकाळ
तापमापक कपाळावर धरला — एकतीस. मी बसलेय ती फरशी — छत्तीस. माझी ऊब बाहेर जात नाहीये, खाली पाण्यात — मी घाबरलेले नाही. लिहून ठेवते, घाबरलेले नाही.

दुपार
हरले असं कोणी म्हणू नये. पाणी मी सोडतेय, माझ्या मर्जीने. वॉल्व्हपर्यंत गेले. हात पुढे केला — वॉल्व्ह हाताला लागतच नाही —

११ जानेवारी
हौशीराम आलाय. मी समोर, आणि तो घरभर मला हाका मारतोय. ओरडले. त्याने कान फरशीला लावला. मग तळवा. हसला — "आई, आता न्हाई ना थंडी वाजत?"
वॉल्व्ह नको उघडायला, स्वतःशीच म्हणाला. आता राहू दे तिला.
अरे ही ऊब माझी आहे! मी सोडणार नाही — ऐक, ही तुझी आई नाही, मी आर